युंग विंग : एका चिनी विद्यार्थ्याचें चरित्र

इंग्रजी व्याकरणाचें पुस्तक प्रथम हातीं आलें म्हणजे आपल्या शाळांतील पुष्कळ मुलांचें तोंड उतरतें. परंतु मराठी बोलणाऱ्या मुलास त्या व्याकरणांतील बराचसा भाग घरच्यासारखाच असतो. क्रियापद काळाप्रमाणें चालवावें, नामाचें अनेकवचन करावें, या गोष्टी तो आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. चिनी मुलाची स्थिति याहून फार निराळी आहे. त्याच्या भाषेंत नामाला लिंग नाहीं, काळाप्रमाणें क्रियापदाचें रूप बदलत नाहीं. काल, आज, उद्यां असे शब्द किंवा एखादें लहानसें अव्यय जोडलें कीं काळाचें काम भागतें. त्याच्या लिपींत मुळाक्षरें म्हणून नाहींतच. हजारों चिन्हें एकेक करून पाठ करावीं लागतात. कँटन प्रांताच्या बोलींत तर 'र' हा वर्णही नाहीं. अशा मुलानें इंग्रजी वाचावयास व लिहावयास शिकावें, म्हणजे बोलण्याची व विचाराची एक नवीनच घडण अंगीं बाणवावी लागते. ती घडण जिनें संपादिली, व संपादिलेली विद्या आपल्या देशाच्या कामीं लावण्यासाठीं जिनें आयुष्य वेंचिलें, अशा एका व्यक्तीचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

युंग विंग याचा जन्म १७ नोव्हेंबर १८२८ रोजीं दक्षिण चीनमधील नामपिंग या खेड्यांत झाला. हें खेडें पोर्तुगीजांच्या ताब्यांतील मकाव बंदरापासून अवघ्या दोन कोसांवर होतें. घरची गरिबी होती. त्या काळीं चिनी बापाच्या मनांत मुलाविषयीं एकच मोठी आकांक्षा असे. मुलानें कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करावे, सरकारी परीक्षा द्याव्या व अधिकारी व्हावें. युंगच्या वडिलांनीं थोरल्या मुलास त्याच मार्गास लाविलें होतें. धाकट्यास मात्र त्यांनीं सातव्या वर्षीं, म्हणजे १८३५ सालीं, मकाव येथें गुट्सलाफ नांवाच्या मिशनरी बाईंच्या इंग्रजी शाळेंत नेऊन घातलें. हें त्यांनीं कां केलें, याचें युंगलाही पुढें नवल वाटत असे. परदेशी व्यापार वाढत आहे, इंग्रजी येणारा मुलगा दुभाष्या होऊन चार पैसे मिळवील, एवढाच हिशेब त्यांच्या मनांत असावा, असा त्यानें तर्क केला. मुलास इंग्रजी शाळेंत घालतांना हाच हिशेब किती तरी आईबापांच्या मनांत असतो, व त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. मात्र विद्या ही त्या हिशेबाच्या बाहेर कशी जाते, हेंच या चरित्रावरून दिसून येतें.

शाळेंतला युंग हा कांहीं आदर्श बाळ नव्हता. शाळा मुख्यतः मुलींची असून मुलगे थोडे होते, व हा सर्वांत लहान म्हणून त्यास मुलींबरोबर माडीवर ठेवीत. ती कैद त्यास असह्य झाली. त्यानें कांहीं मुलींस फूस देऊन होडीनें पळून जाण्याचा बेत केला, होडी निघालीही, परंतु शाळेकडून माणसें धांवलीं व सर्वांना पकडून परत आणण्यांत आलें. शिक्षा म्हणून युंगच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी घालून त्या सर्वांना टेबलावर उभें करण्यांत आलें, आणि समोर इतर मुलें बिस्किटें व संत्रीं खात होतीं. ही फजिती त्यास म्हातारपणींही आठवत असे.

पुढें चारच वर्षांनीं शाळा मोडली व मुलगा घरीं आला. १८४० सालीं वडील वारले. आई, चार मुलें आणि घरांत कांहीं नाहीं, अशी अवस्था झाली. थोरला भाऊ मासे धरूं लागला, बहीण घरकाम करी, आणि बारा वर्षांचा युंग पहाटे उठून गांवोगांव मिठाई विकीत फिरे. भाताच्या सुगींत तो व त्याची बहीण कापणी झालेल्या शेतांत सरवा वेंचावयास जात. एके दिवशीं बहिणीनें कापणी करणाऱ्यांच्या मुख्यास सहज सांगितलें कीं, माझ्या भावास इंग्रजी बोलतां, वाचतां व लिहितां येतें. त्या गृहस्थानें जन्मांत कधीं ही भाषा ऐकिली नव्हती. त्यानें आग्रह धरिला. मुलगा लाजला, पण बहिणीनें त्यास धीर दिला. तेव्हां त्यानें इंग्रजीचीं सव्वीस मुळाक्षरें आरंभापासून शेवटपर्यंत खडाखडा म्हणून दाखविलीं. चिखलांत उभे असलेले कापणीवाले हातचें काम टाकून ऐकत राहिले, आणि बक्षीस म्हणून त्या भावंडांस उचलवेनात इतक्या भाताच्या पेंढ्या मिळाल्या. इंग्रजी विद्येची युंग विंग याची ही पहिली कमाई होय. मुळाक्षरें म्हणजे भाषा नव्हे हें त्यालाही कळत होतें. पण त्या दिवशीं घरांत भात शिजला, हेंही खरें होतें.

यानंतर त्यानें मकाव येथें एका छापखान्यांत महिना साडेचार डॉलरांवर कागद घडी घालण्याचें काम धरिलें, व त्यांतले तीन डॉलर तो दरमहा आईस पाठवीत असे. चार महिने झाले नाहींत तों डॉ. हॉब्सन नांवाचे मिशनरी वैद्य त्याचा शोध करीत आले. गुट्सलाफबाईंनीं चीन सोडतांना त्यांस बजाविलें होतें कीं, या मुलास शोधून काढा व नवीन शाळेंत घाला. कांहीं दिवस त्या डॉक्टरांच्या रुग्णालयांत औषधें कुटण्याचें काम करून १८४१ सालीं तो मॉरिसन शाळेंत दाखल झाला.

या शाळेच्या नांवाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. रॉबर्ट मॉरिसन हे चीनमध्यें गेलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी. परकीयांस चिनी भाषा शिकविणें हा त्या काळीं चिनी कायद्यानें अपराध होता. तरी त्यांनीं ती शिकून चिनी-इंग्रजीचा प्रचंड कोश रचिला, आणि १८२३ सालीं चिनी विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजीचें व्याकरणही छापून प्रसिद्ध केलें. १८३४ त ते वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ एक शिक्षणसंस्था निघाली व तिनें १८३९ सालीं मकाव येथें ही शाळा उघडली. सॅम्युएल रॉबिन्स ब्राउन या अमेरिकन गृहस्थांस शिक्षक म्हणून आणण्यांत आलें. युंगच्या आधीं वर्गांत पांच मुलें होतीं, हा सहावा. १८४२ त शाळा हाँगकाँग येथें एका टेकडीवर नेण्यांत आली.

सकाळीं इंग्रजी व दुपारीं चिनी, असा शाळेचा क्रम होता. चिनी पद्धतीच्या शाळांत मुलें प्रथम ग्रंथ पाठ करीत. अर्थ मागाहून, कधीं कधीं वर्षानुवर्षांनीं कळे. ब्राउनसाहेबांची रीत उलट होती. वाचलेलें समजलें पाहिजे, आणि समजलेलें स्वतःच्या वाक्यांत लिहितां आलें पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. म्हणून ते मुलांकडून वरचेवर निबंध लिहवून घेत. त्यांतले कांहीं निबंध संस्थेच्या अहवालाबरोबर छापलेही जात. ज्याच्या मातृभाषेंत क्रियापदाला भूतकाळाचें रूप नाहीं, त्यास भूतकाळाचे नियम नुसते पाठ करून येत नाहींत; घडलेली गोष्ट दहा वेळां लिहूनच ते हातांत बसतात. १८४५ सालीं युंगनें असाच एक निबंध लिहिला. त्याचा विषय न्यूयॉर्क शहरापर्यंतचा व तेथून हडसन नदींतून वर जाण्याचा काल्पनिक प्रवास, हा होता. दोन वर्षांत ही कल्पना खरी होणार आहे, हें त्या वेळीं ना शिष्यास ठाऊक होतें ना गुरूस.

१८४६ सालीं ब्राउनसाहेबांची प्रकृति बिघडली व त्यांनीं स्वदेशीं जाण्याचें ठरविलें. वर्गास ही गोष्ट कळवितांना, माझ्याबरोबर अमेरिकेस येऊन शिक्षण पुरें करण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनीं उभें राहावें, असें त्यांनीं सांगितलें. वर्गांत क्षणभर कोणी हललें नाहीं. मग युंग विंग उभा राहिला. त्याच्यामागून वाँग शिंग व वाँग फून. खरी कसोटी घरीं होती. समुद्रापलीकडे गेलेला मुलगा परत दिसेल कीं नाहीं, हें त्या विधवा मातेस कोण सांगणार? तिनें डोळ्यांत पाणी आणून, पण अखेर संमति दिली. कांहीं उदार गृहस्थांनीं या मुलांच्या आईबापांस दोन वर्षें मदत देण्याचें पत्करलें, व एका व्यापारी पेढीनें चहा नेणाऱ्या आपल्या जहाजावर सर्वांस फुकट नेलें. ४ जानेवारी १८४७ रोजीं निघालेलें जहाज अठ्ठ्याण्णव दिवसांनीं, १२ एप्रिल रोजीं, न्यूयॉर्क बंदरास लागलें.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मॉन्सन येथील विद्यालयांत तिघे शिकूं लागले. वाँग शिंग यास आजारामुळें लौकरच परतावें लागलें. वाँग फून वैद्यक शिकण्यासाठीं एडिंबरोस गेला. युंगनें मात्र कॉलेजांत जाण्याचा निश्चय केला, आणि येथेंच त्याच्यापुढें एक मोठा पेंच उभा राहिला. विद्यालयापाशीं गरीब विद्यार्थ्यांच्या मदतीसाठीं निधि होता. पण तो घेणारानें पुढें मिशनरी होण्याचें लेखी वचन द्यावें, अशी अट होती. युंग स्वतः ख्रिस्ती धर्मीय होता, मिशनऱ्यांचे उपकार तो जन्मभर मानीत आला, व हातीं पैसा मुळींच नव्हता. तरीही त्यानें ती मदत नाकारली. चीनची सेवा कोणत्या रीतीनें आपल्या हातून अधिक होईल, हें आज ठरवितां येत नाहीं; आणि जें वचन मनापासून पाळतां येईल याची खात्री नाहीं तें देऊं नये, अशी त्याची समजूत होती. त्याच्या गुरूंचा मोठेपणा असा कीं, ते यामुळें रागावले नाहींत. उलट त्यांनींच जॉर्जिया प्रांतांतील सवाना येथील एका स्त्रीमंडळाकडून त्याच्यासाठीं दुसरी मदत मिळविली.

१८५० सालीं तो येल कॉलेजांत गेला. तयारी अगदींच अपुरी होती; लॅटिन पंधरा महिने, ग्रीक बारा महिने, गणित दहा महिने, एवढीच काय ती शिदोरी. गणितांत तो इतका मागें पडे कीं, आपण वर्गांतून गळतों कीं काय अशी त्यास धास्ती वाटे. पण दुसऱ्या वर्षीं इंग्रजी निबंधाचें पहिलें बक्षीस त्यानें लागोपाठ दोन सत्रांत मिळविलें. सर्व वर्गाची जी मातृभाषा, तींत पहिला आला तो क्रियापदांना काळ नसलेल्या भाषेंत वाढलेला मुलगा! जेवणाच्या खर्चासाठीं तो विद्यार्थ्यांच्या एका खाणावळीची व्यवस्था पाही, आणि एका मंडळाचें ग्रंथालय सांभाळून वर्षास तीस डॉलर मिळवी. १८५४ सालीं तो पदवीधर झाला. अमेरिकेंतील विश्वविद्यालयाची पदवी घेणारा हा पहिला चिनी मनुष्य होय.

पदवी घेऊन ते स्वदेशीं निघाले. या प्रवासाच्या शेवटीं जी एक लहानशी गोष्ट घडली ती प्रत्येक इंग्रजी शिकणाऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हाँगकाँगजवळ येतांच एक चिनी वाटाड्या जहाजावर चढला. जवळपास बुडालेले खडक किंवा उथळ जागा आहेत काय, हें त्यास विचारावें, म्हणून कप्तानानें युंग विंग यांस दुभाष्या केलें. आणि पाहतात तों खडकाला व उथळ जागेला चिनी शब्दच त्यांस आठवेनात! शेवटीं त्या वाटाड्यानेंच ते शब्द सुचविले, व भोंवतालचीं माणसें हंसलीं. येलमध्यें निबंधाचीं बक्षिसें मिळविणाऱ्या पंडितास आपल्या मायदेशाच्या दारांत आपलीच भाषा दुसऱ्यानें सांगावी लागली.

घरीं आईला भेटून ते धन्य झाले. पदवीच्या कागदानें किती पैसे मिळतात, असें तिनें साधेपणानें विचारलें, तेव्हां हा कागद पैशापेक्षां मोलाचा कसा, हें त्यांनीं तिला समजाविलें. त्यांनीं मिशा राखिल्या होत्या. थोरल्या भावानें राखिल्या नसतां धाकट्यानें राखाव्या हें शोभत नाहीं, असें माउलीनें म्हणतांच ते उठले, न्हाव्याकडे गेले व मिशा काढून आले. आठ वर्षें परदेशांत राहून शिकलेल्या मनुष्यानें आईचा शब्द असा झेलला.

यानंतर त्यांनीं पहिलें काम केलें तें आपली भाषा पुनः शिकण्याचें. कँटनमध्यें राहून कांहीं महिन्यांत त्यांनीं बोलणें सुधारलें व लेखनाचा अभ्यास चालविला. याच दिवसांत, १८५५ सालीं, तेथील सुभेदार बंडाच्या संशयावरून हजारों लोकांचा शिरच्छेद करवीत होता. वधस्थानाची भिजलेली जमीन व प्रेतांचे ढीग युंग विंग यांनीं स्वतः पाहिले, आणि कित्येक दिवस त्यांना झोंप आली नाहीं. आपण शिकलों तें कशासाठीं, हा प्रश्न त्यांना त्या दिवसापासून सोडीना. दुभाष्याची, जकातखात्याची, चहा व रेशमाच्या व्यापाराची, अशीं अनेक कामें त्यांनीं केलीं. शांघायच्या जकातखात्यांत पगार उत्तम होता. पण चिनी मनुष्यास वरच्या जागेवर चढतां येणार नाहीं असें कळतांच त्यांनीं ती नोकरी सोडली. १८६० मध्यें ते तैपिंग बंडवाल्यांस नानकिंग येथें भेटले. त्यांनीं देऊं केलेली पदवी मात्र घेतली नाहीं. पुढें १८६३ सालीं थोर मुत्सद्दी त्सेंग क्वो-फान यांनीं त्यांस बोलाविलें व यंत्रें विकत घेण्यासाठीं अमेरिकेस धाडलें. त्यांनीं आणलेल्या यंत्रांवर शांघाय येथील कियांगनान शस्त्रागाराची उभारणी झाली.

परंतु त्यांच्या मनांत येलपासून दुसराच बेत घोळत होता. जें शिक्षण दैवयोगानें आपल्या एकट्यास मिळालें तें चीनच्या होतकरू मुलांस सरकारी खर्चानें मिळावें. सतरा वर्षांच्या खटपटीनंतर १८७१ सालीं बादशाही संमति मिळाली. दरसाल तीस याप्रमाणें चार वर्षांत एकशेंवीस मुलें पाठवावयाचीं, त्यांनीं पंधरा वर्षें शिकावयाचें, व परत येऊन सरकारी सेवा करावयाची, अशी योजना होती. आईबापांना करारपत्र लिहून द्यावें लागे. मूल परदेशीं दगावलें तरी सरकारवर बोल नाहीं, असें त्यांत होतें. अशा करारावर सही करणाऱ्या बापाचा हात कांपला नसेल काय? पहिल्या तुकडीचीं तीस मुलें मिळेनात. तीं पुरीं करण्यासाठीं युंग विंग यांस स्वतः हाँगकाँगच्या शाळांतून हिंडावें लागलें.

१८७२ सालीं पहिली तुकडी निघाली. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड हें मुख्य ठाणें झालें. इंग्रजी लौकर यावें म्हणून मुलांस दोन दोन करून अमेरिकन कुटुंबांत ठेवण्यांत आलें. जेवतांना, खेळतांना, चर्चेला जातांना, चोहोंकडून तीच भाषा कानीं पडे. पण खडकाला शब्द न आठवल्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला होता, त्यांच्या या योजनेंत चिनी भाषेचा अभ्यासही सक्तीचा होता. सोबत चिनी शिक्षक आणलेले असून मुलांना पाळीपाळीनें हार्टफर्डच्या इमारतींत बोलावून चिनी वाचन, लेखन व निबंध करवीत. स्वतः युंग विंग यांनीं १८७८ सालीं आपला बाराशेंहून अधिक चिनी ग्रंथांचा संग्रह येल कॉलेजास अर्पण केला. १८७५ मध्यें त्यांनीं मेरी केलॉग या अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला होता. थोरल्या मुलाचें नांव त्यांनीं मॉरिसन ब्राउन असें ठेविलें. त्यांत शाळा व गुरु या दोहोंचें स्मरण साधलें.

दुर्दैवानें मुलें दोन ओढींत सांपडलीं. तीं बेसबॉल खेळूं लागलीं, लांब वेणी कोटांत लपवूं लागलीं, चिनी धड्यांस कंटाळूं लागलीं. जुन्या वळणाच्या सहकारी अधिकाऱ्यांनीं पेकिंगला तक्रारी केल्या कीं हीं मुलें आपल्या देशास परकीं होत चाललीं आहेत. तक्रारींत अतिशयोक्ति होती. पण सर्वस्वी खोटेपणा होता असें म्हणवत नाहीं. तिकडे अमेरिकेंतही चिनी लोकांविरुद्ध वारें वाहूं लागलें, व करार असूनही त्यांच्या लष्करी विद्यालयांनीं चिनी विद्यार्थ्यांस दारें बंद केलीं. येलच्या अध्यक्षांनीं व इतर विद्वानांनीं चिनी सरकारास विनंतिपत्र पाठविलें. मार्क ट्वेन यांच्या सांगण्यावरून माजी अध्यक्ष ग्रँट यांनींही रदबदली केली. कांहीं उपयोग झाला नाहीं. १८८१ सालीं योजना मोडली व अर्धवट शिकलेलीं मुलें परत बोलावण्यांत आलीं. तोंपर्यंत पदवी अवघ्या दोघांच्या पदरांत पडली होती. शांघायला उतरल्यावर त्यांचें स्वागत झालें तें पहाऱ्यानें व संशयानें.

युंग विंग यांच्या जन्माच्या कामाचा असा शेवट झाला. १८८६ त पत्नी वारली. पुढें चीनमध्यें सुधारणेच्या चळवळींत पडल्यामुळें १८९८ सालीं त्यांस जीव वांचविण्यासाठीं पळावें लागलें. आणि त्याच वर्षीं अमेरिकन सरकारानें, १८५२ पासून त्यांना असलेलें नागरिकत्व काढून घेतल्याचें कळविलें. एका देशांत बंडखोर, दुसऱ्यांत परका! तरी १९०२ सालीं ते कसेबसे अमेरिकेस पोहोंचले व धाकट्या मुलास येलची पदवी घेतांना त्यांनीं पाहिलें. १९०९ सालीं त्यांनीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, तेंही इंग्रजींतच, आणि एप्रिल १९१२ मध्यें हार्टफर्ड येथें देह ठेविला.

पण पेरलेलें वांयां गेलें नव्हतें. परत बोलावलेल्या मुलांपैकीं कांहीं आरमारी लढायांत कामास आलीं. पुष्कळांनीं तारायंत्रें, खाणी व आगगाड्या उभारल्या. येलच्या झान टिएन-यू यांनीं १९०५ ते १९०९ या काळांत पेकिंगपासून कालगानपर्यंत डोंगर फोडून जो लोहमार्ग बांधला, त्यांत एकही परदेशी इंजिनियर नव्हता. टांग शाव-यी हे १९१२ सालीं चिनी लोकराज्याचे पहिले मुख्य प्रधान झाले. टांग क्वो-आन हे प्रसिद्ध त्सिंगह्वा विद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले. गुरूच्या मृत्यूच्या वर्षींच शिष्य राज्याच्या अग्रभागीं उभे होते.

विद्यार्थी मित्रहो, युंग विंग यांस इंग्रजी आली ती वाचून, समजून व पुनःपुनः लिहून आली. याखेरीज दुसरा मार्ग तुम्हांसही नाहीं. परंतु परभाषा येणें हा अर्धा अभ्यास झाला. ती शिकतां शिकतां आपली भाषा जिभेवरून निसटते, आणि ती निसटल्याचें जहाज खडकाजवळ येईपर्यंत कळत नाहीं. युंग विंग यांना तें वेळेवर कळलें, व ते लाज न बाळगतां पुनः विद्यार्थी झाले. आणि पालकहो, मुलास इंग्रजी शिकवून तो चार पैसे मिळवील हा आपला हिशेब खोटा नाहीं; भाताच्या त्या पेंढ्या खऱ्याच होत्या. मात्र त्या गरीब शेतकऱ्याच्या पोरानें पेंढ्यांपाशीं थांबायचें ठरविलें असतें, तर त्याच्या मागून एकशेंवीस मुलांना ती वाट सांपडली नसती.